बंगळूरचे नाताळवृक्ष : सरू, सुरू आणि अरोकॅरिया

नाताळात घरात किंवा चर्चच्या आवारात सदाहरित झाड उभे करून ते दिव्यांनी आणि खाऊने सजवण्याची चाल ऱ्हाईन नदीच्या वरच्या खोऱ्यातील जर्मनभाषक प्रदेशात रुजली. स्ट्रासबुर्ग शहरातील १६०५ च्या एका नोंदीत, लोक दिवाणखान्यात फरचे झाड उभे करून त्यावर रंगीत कागदाची फुले, सफरचंदे आणि मिठाई टांगतात, असा उल्लेख आढळतो. इंग्लंडच्या राजघराण्यात ही चाल जर्मन राण्यांबरोबर आली, परंतु सामान्य इंग्रज कुटुंबांत ती पसरली ती १८४८ नंतर, म्हणजे ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या सचित्र साप्ताहिकाने राणी व्हिक्टोरिया, प्रिन्स आल्बर्ट आणि त्यांची मुले सजवलेल्या झाडाभोवती उभी असल्याचे चित्र छापल्यानंतर. या प्रथेचे मूळ झाड फर किंवा स्प्रूस होते. हे दोन्ही वृक्ष सूचिपर्णी, म्हणजे सुईसारखी पाने आणि फळांऐवजी शंकू धारण करणारे असून त्यांना दीर्घ, कडक हिवाळा लागतो. दख्खनच्या पठारावर, विषुववृत्ताच्या उत्तरेला अवघ्या १३ अंशांवर आणि समुद्रसपाटीपासून ९०० मीटरांहून थोड्या अधिक उंचीवर वसलेल्या बंगळुरात तसा हिवाळा नाही. तेथे थंडी आल्हाददायक असते, बर्फ कधीच पडत नाही, आणि फरची झाडे त्या मातीत वाढत नाहीत.

याहून मूलभूत अडचण अशी, की विंध्याच्या दक्षिणेकडील भारतात सूचिपर्णी वर्गातील वृक्ष निसर्गतः जवळजवळ नाहीतच. या संपूर्ण द्वीपकल्पात या वर्गाचा एकच देशी प्रतिनिधी आढळतो. ‘नागेया वालिचियाना’ असे शास्त्रीय नाव असलेला हा वृक्ष निलगिरीपासून अगस्त्यमलैपर्यंतच्या दक्षिण सह्याद्रीतील सदाहरित रानांत तुरळक वाढतो. त्याची पाने सुयांसारखी नसून रुंद, चपटी आणि तकतकीत असतात, त्यामुळे वनस्पतिशास्त्र शिकलेल्या माणसाखेरीज कोणालाही तो देवदाराचा वा चीडाचा आप्त वाटणार नाही. हिमालयाच्या पायथ्याशी राहणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबाला जे झाड मागच्या डोंगरावर मिळते, ते बंगळूरच्या कुटुंबाला मिळण्याची शक्यता नव्हती. म्हणून या शहराने आपला नाताळवृक्ष वनस्पतींच्या नात्यागोत्यावरून न निवडता आकारावरून निवडला. सरळ खोड, वरपासून खालपर्यंत रुंदावत जाणारा त्रिकोणी घेर आणि बारीक हिरवी पालवी एवढ्या खुणा जेथे दिसल्या, ते झाड नाताळचे झाले. ज्या झाडांवर ही निवड पडली, त्यांतील एकही या शहरात नाताळसाठी आणलेले नव्हते.

अशा शंकूच्या आकाराच्या सदाहरित झाडाची बंगळूरला ओळख मात्र इंग्रजांच्या फार आधीची आहे. शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे म्हणून मराठी वाचकांना ठाऊक असलेल्या या गावाजवळ हैदर अलीने १७६० च्या सुमारास लालबागेची आखणी केली आणि टिपू सुलतानाने ती वाढवली. या बागेवर फारसी-मोगल उद्यानकलेची छाप होती, आणि त्या कलेत पाटांच्या व वाटांच्या कडेने सरू, म्हणजे सायप्रस, लावण्याचा प्रघात होता. श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर १८०० साली मैसूर राज्याची पाहणी करणाऱ्या फ्रान्सिस बुकॅनन या वैद्य-निसर्गअभ्यासकाने सुलतानाच्या बागेतील चौकोनी वाफे आणि त्यांना विभागणाऱ्या वाटांच्या दुतर्फा उभे असलेले देखणे सरू नोंदवून ठेवले आहेत. पुढे ज्या शहरात नाताळवृक्षाची चाल आली, तेथे उभट हिरव्या झाडाने वाट शोभिवंत करण्याची दृष्टी आधीच होती. या दुव्याकडे अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही.

इंग्रजांनी १८०९ मध्ये आपली लष्करी छावणी श्रीरंगपट्टणहून बंगळुरास हलवली. जुनी पेठ एका बाजूस आणि नवी छावणी दुसऱ्या बाजूस, अशी शहराची दोन अंगे त्यातून निर्माण झाली. छावणीत इंग्रज अधिकारी आणि शिपाई होते, त्यांच्याबरोबर मद्रास इलाख्यातून आलेले तमिळ कामगार व व्यापारी होते, आणि हळूहळू अँग्लो-इंडियन कुटुंबांची वस्तीही वाढली. या तमिळांत कॅथलिकांची संख्या मोठी होती, आणि ज्याला आज शिवाजीनगर म्हणतात त्या तेव्हाच्या ब्लॅकपल्लीत त्यांचे मेरीमातेचे चर्च उभे राहिले. १८६४ मध्ये मद्रासच्या बाजूने आलेली रेल्वे छावणीत पोचली. १८८२ मध्ये मैसूरचे महाराज दहावे चामराज वडियार यांनी दिलेल्या जमिनीवर व्हाइटफील्ड ही युरेशियन, म्हणजे मिश्र वंशाच्या, कुटुंबांची शेतीवसाहत स्थापन झाली. नाताळवृक्षाची चाल इंग्लंडात घरोघरी पसरत असतानाच बंगळुरात तिला उचलणारा समाज आकाराला येत होता, हा कालक्रम लक्षात घेण्यासारखा आहे.

या समाजाच्या हाताशी सर्वांत आधी आणि सर्वांत स्वस्त आले ते सुरूचे झाड. येथे सुरू म्हणजे कॅज्युअरिना, ज्याला कन्नडमध्ये ‘सर्वे’ आणि तमिळमध्ये ‘सवुक्कु’ म्हणतात. ते दुरून चीडासारखे दिसते, त्यातून वारा गेला की चीडाच्या वनासारखाच सुस्कारा ऐकू येतो आणि त्याला छोट्या शंकूंसारखी बोंडेही येतात, परंतु वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते सूचिपर्णी नव्हे. ते सपुष्प वर्गातील झाड आहे. ज्यांना लोक त्याच्या सुया समजतात त्या खरे तर हिरव्या, बारीक, पेरेदार डहाळ्या असतात, आणि त्यांच्या प्रत्येक पेरावर दातेरी कड्यासारखी दिसणारी सूक्ष्म खवले ही त्याची खरी पाने होत. त्याच्या मुळांवरील गाठींत फ्रँकिया नावाचे जीवाणू राहून हवेतील नत्र स्थिर करतात, त्यामुळे हे झाड निव्वळ वाळूतही तग धरते. कारवारच्या किनाऱ्यावर १८६८ च्या सुमारास सुरूची पद्धतशीर लागवड झाली, आणि मद्रास इलाख्यात तर रेल्वेच्या इंजिनांना व शहरांच्या चुलींना जळण पुरवण्यासाठी त्याच काळात त्याची विस्तीर्ण बने उभी राहिली. मैसूर संस्थानात बंगळूर आणि कोलारच्या परिसरातही सरपणासाठी व वाशांसाठी सुरू लावले गेले. कोकणातील वाचकाला वेगळे सांगणे नको, कारण वसईच्या किनाऱ्यावरील सुरूची बाग त्याने पाहिलेली असते, आणि मुंबई, वसई व गोव्यातील ख्रिस्ती घरांतही नाताळच्या झाडाचा मान दीर्घकाळ सुरूच्या फांदीलाच होता.

सुरूची निवड का झाली, याचे उत्तर त्याच्या शेतीत आहे. हे झाड लवकर वाढते, चार-पाच वर्षांत तोडणीला येते आणि त्याचे सरळ खोड परांचीच्या वाशासाठी विकले जाते. वाशाच्या कामी न येणारा निमुळता शेंडा मागे उरतो, आणि एरवी तो चुलीत जातो. डिसेंबरात हाच शेंडा नाताळच्या बाजारासाठी पुरेसा होता. माणसाच्या उंचीचा, आपोआप त्रिकोणी आकार असलेला, आणि एका माणसाने सायकलवरून नेता येण्याजोगा हा शेंडा कामगार कुटुंबालाही परवडे. त्याच्यासाठी वेगळे झाड तोडावे लागत नसे, ही गोष्ट या प्रथेच्या बाजूने ठामपणे सांगितली पाहिजे, कारण नाताळसाठी झाडे तोडण्यावर अलीकडे होणारी टीका बहुधा युरोप-अमेरिकेतील शेती डोळ्यांसमोर ठेवून केलेली असते.

सुरूचे दोषही होते, आणि सजावटीची रीत त्या दोषांना धरूनच घडली. त्याच्या डहाळ्या लवचिक असल्याने जड काचेचे गोळे टांगले की त्या खाली वाकतात. तोडल्यावर काही दिवसांतच त्या मलूल होऊन झडू लागतात. म्हणून कुरकुरीत कागदाच्या पट्ट्या, चांदीच्या कागदाचे तारे आणि बर्फाचा भास व्हावा म्हणून विखुरलेला पांढरा कापूस अशी हलकी सजावट दक्षिण भारतात रूढ झाली. झाड नाताळच्या अगदी आदल्या एक-दोन दिवसांत आणले जाई आणि वाळूने किंवा विटांनी भरलेल्या बादलीत उभे केले जाई. बादलीला रंगीत कागद गुंडाळण्याचे काम मुलांकडे असे. जर्मन घरातील मेणबत्त्या मात्र या झाडावर लावणे धोक्याचे होते, कारण वाळलेला सुरू क्षणात पेट घेतो. विजेच्या माळा येईपर्यंत येथील झाड बहुधा दिव्याविनाच राहिले असावे. शिवनसमुद्रमच्या जलविद्युत केंद्रातून १९०२ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणींना आणि १९०५ मध्ये बंगळूर शहराला वीज मिळू लागली.

या झाडाभोवती एक सामुदायिक सोहळाही उभा राहिला. रेल्वे वसाहतींच्या आणि कोलारच्या खाण वसाहतीच्या क्लबांमध्ये डिसेंबरात मुलांसाठी मेळावा भरे, त्यात सांताक्लॉजचा वेष घेतलेला गृहस्थ प्रत्येक मुलाला नाव पुकारून भेट देई, आणि या मेळाव्यालाच लोक ‘ख्रिसमस ट्री’ म्हणत. कुटुंबाच्या दिवाणखान्यातील खासगी झाड वसाहतीच्या मैदानात येऊन सर्वांचे झाले, हा या प्रथेचा भारतातील विस्तार महत्त्वाचा आहे.

बंगळूरचे म्हणून ओळखले जाणारे नाताळचे झाड मात्र अरोकॅरिया हेच होय. मधल्या उंच खोडातून ठरावीक अंतरावर चक्राच्या आऱ्यांप्रमाणे फुटणाऱ्या आडव्या फांद्यांचे मजले, आणि त्यांवर दोरखंडासारखी दिसणारी गच्च हिरवी पालवी, असे त्याचे रूप असते. या कुळातील दोन जाती येथे महत्त्वाच्या आहेत. ‘अरोकॅरिया कॉलम्नारिस’, जिला पूर्वी ‘अरोकॅरिया कुकी’ म्हणत आणि आजही बागकामात त्याच नावाने ओळखतात, ती न्यू कॅलेडोनिया या प्रशांत महासागरातील बेटांवरची, आणि ‘अरोकॅरिया हेटेरोफिला’ ही ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडील नॉरफोक बेटावरची. दोन्ही बेटे युरोपीय लोकांना कळली ती १७७४ मध्ये, कॅप्टन जेम्स कुकच्या दुसऱ्या सफरीत. न्यू कॅलेडोनियाजवळ जहाजावरून दुरून दिसलेले उंच सरळ स्तंभ झाडांचे, की ज्वालामुखीच्या खडकांचे, यावर जहाजावरील मंडळींत वाद झाला होता. निसर्गअभ्यासकांनी ते बेसॉल्टचे खांब ठरवले, तर कुकने झाडे असल्याचे म्हटले, आणि कुकचे म्हणणे खरे निघाले. त्याच वर्षी नॉरफोक बेटावरील झाडे पाहून शिडाच्या जहाजांसाठी डोलकाठ्या मिळतील अशी आशा निर्माण झाली. १७८८ मध्ये तेथे वसाहत करण्यामागे ते एक कारण होते, परंतु ते लाकूड डोलकाठ्यांना पुरेसे चिवट नसल्याचे लवकरच उघड झाले.

लाकूड म्हणून अपयशी ठरलेले हे झाड शोभेचे म्हणून जगभर गेले, आणि त्याला वाहून नेले वार्डच्या पेटीने. नॅथॅनियल वार्ड या लंडनच्या डॉक्टराने १८३० च्या सुमारास प्रचारात आणलेली ही बंद काचपेटी म्हणजे आतल्या ओलाव्यावर महिनोन्‌महिने रोपे जिवंत ठेवणारी साधी सोय होती. जहाजाच्या डेकवर खारे वारे आणि उन्हाचा मारा सहन करूनही रोपे तिच्यात टिकत, त्यामुळे १९ व्या शतकाच्या मध्यानंतर लंडनची क्यू बाग आणि वसाहतींतील वनस्पती-उद्याने यांच्यात रोपांची देवाणघेवाण झपाट्याने वाढली. लालबागेला १८५६ मध्ये सरकारी वनस्पती-उद्यानाचा दर्जा मिळाला, क्यूमध्ये तयार झालेले विल्यम न्यू १८५८ मध्ये तिचे अधीक्षक झाले, आणि १८७४ मध्ये त्याच परंपरेतील जॉन कॅमेरॉन यांनी सूत्रे हाती घेऊन ती १९०८ पर्यंत सांभाळली. कॅमेरॉन यांच्या काळात परदेशी फळझाडे, भाज्या आणि शोभेची झाडे मोठ्या प्रमाणावर आणून त्यांची येथल्या हवेत वाढ होते का, याची चाचणी घेतली गेली. १८८९ च्या अखेरीस प्रिन्स आल्बर्ट व्हिक्टर यांच्या हस्ते पायाभरणी झालेले काचगृह याच काळातले.

कॅमेरॉन यांच्यानंतर आलेले गुस्ताव्ह हेर्मान क्रुंबिगेल हे ड्रेस्डेनजवळ जन्मलेले जर्मन होते, आणि १८९३ मध्ये ते भारतात आले ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानात उद्याने सांभाळण्यासाठी. मैसूरच्या नाल्वडी कृष्णराज वडियारांच्या सेवेत रुजू झाल्यावर त्यांनी बंगळूरच्या रस्त्यांवर अशा क्रमाने झाडे लावली, की एकाचा बहर ओसरताच दुसऱ्याचा सुरू व्हावा. सुशोभित नाताळवृक्षाची परंपरा जेथे फार जुनी आहे त्या सॅक्सनीचा हा माणूस मराठी संस्थानातून बंगळुरात आला आणि येथेच १९५६ मध्ये त्याचा मृत्यू झाला. या शहराला झाडांविषयी जी आस्था लाभली, तिच्या श्रेयाचा मोठा वाटा त्याच्या आणि त्याला पाठबळ देणाऱ्या दोन राजांच्या पदरी पडतो.

लालबागेतून अरोकॅरिया छावणीतील बंगल्यांत पसरला. रिचमंड टाउन, लँगफोर्ड टाउन, कुक टाउन अशा भागांतील कौलारू बंगल्यांच्या समोर, फाटकाच्या दोन्ही अंगांना, त्याची जोडी लावण्याची पद्धत पडली. डिसेंबरात या उभ्या झाडावरच दिव्यांच्या माळा सोडता येत, आणि झाड कापण्याचा प्रश्नच उरत नसे. बंगळूरचा खरा नाताळवृक्ष हा जमिनीत रुजलेला, वर्षभर उभा असणारा आणि आठवडाभर सजणारा वृक्ष होता, आणि युरोपातील तोडलेल्या झाडापेक्षा हा प्रकार अधिक चांगला, असेच म्हणावे लागते. फेब्रुवारी १९६१ मध्ये इंग्लंडची राणी दुसरी एलिझाबेथ बंगळुरास आली, तेव्हा लालबागेत तिच्या हस्ते लावण्यासाठी निवडलेले रोपही अरोकॅरियाचेच होते. ज्या घराण्याच्या चित्राने नाताळवृक्ष इंग्लंडात लोकप्रिय केला, त्या घराण्यातील राणीने बंगळुरात फर न लावता प्रशांत महासागरातील झाड लावले, इतके ते तोवर या शहराचे झाले होते.

बाजारात या झाडांना सरसकट ‘नॉरफोक पाइन’ म्हटले जाते, पण उष्ण प्रदेशांतील बागांत या नावाने वाढणारी बरीच झाडे प्रत्यक्षात न्यू कॅलेडोनियाच्या जातीची असतात. ती ओळखण्याची एक खूण २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आली. पाच खंडांतील २५६ झाडे मोजल्यावर असे दिसले, की कॉलम्नारिस जातीची झाडे नेहमी विषुववृत्ताच्या दिशेला कलतात. म्हणजे उत्तर गोलार्धात ती दक्षिणेकडे आणि दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे झुकतात, सरासरी कल साडेआठ अंशांचा असतो आणि विषुववृत्तापासून अंतर वाढेल तसा तो वाढतो. बंगळूर विषुववृत्ताला जवळ असल्याने तेथे हा कल सौम्य असणार, तरी जुन्या उंच झाडांच्या बाबतीत दक्षिण दिशा धरून पाहण्याजोगा आहे.

परकीय झाड म्हणून अरोकॅरियाकडे पाहणाऱ्यांसाठी भूगर्भशास्त्राची साक्ष उद्बोधक ठरेल. कच्छमधील प्राचीन खडकांत या कुळातील शंकूंच्या खवल्यांचे जीवाश्म सापडलेले आहेत. भारत, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका हे भूभाग गोंडवन या एकाच महाखंडाचे भाग होते, त्या काळात या वृक्षांचे पूर्वज भारतातही वाढत होते. पुढे ते येथून नाहीसे झाले, आणि कोट्यवधी वर्षांनी त्यांचे आप्त काचेच्या पेटीत बसून परत आले.

आजच्या बंगळुरात सदनिकांची संख्या वाढली, बंगले पाडले गेले, आणि फाटकाजवळच्या जोडीची जागा कुंडीतल्या रोपाने घेतली. रोपवाटिकांत डिसेंबरात ‘ख्रिसमस ट्री’ या पाटीखाली अरोकॅरियाची रोपे मांडलेली असतात, आणि त्यांच्या शेजारी मोरपंखी, म्हणजे मूळची चीनकडील थुजा, स्वस्तात मिळते. महाराष्ट्रात शाळकरी मुले जिचे पान विद्येचे म्हणून वहीत ठेवतात, तीच ही मोरपंखी. प्लॅस्टिकच्या झाडाने या सर्वांना मागे टाकले आहे, त्याबद्दल येथे अधिक लिहिण्याची गरज नाही.

अरोकॅरियाचे रोप महाग का असते, हे मात्र समजून घेतले पाहिजे. त्याचे बी लवकर निर्जीव होते, म्हणून ते ताजेच पेरावे लागते. छाटकलम, म्हणजे तोडलेली फांदी मातीत रुजवून रोप करणे, येथे फसवे ठरते. आडवी वाढणारी फांदी रुजली तरी तिच्यापासून होणारे रोप आयुष्यभर आडवेच पसरते, त्याला सरळ खोड कधी येत नाही. उभे झाड हवे असेल तर कलम शेंड्याचेच घ्यावे लागते, आणि शेंडा छाटला की मूळ झाडाचे रूप कायमचे बिघडते. सुरूचा शेंडा चार वर्षांत पुन्हा मिळतो, अरोकॅरियाचा मिळत नाही. म्हणून एकाची तोड चालली आणि दुसऱ्याला उभे ठेवून सजवावे लागले.

कुंडीत दोन फूट दिसणारे हे झाड मोकळ्या जमिनीत तीस मीटरांच्या पुढे जाऊ शकते, याचा विसर पडू देऊ नये. नाताळ सरल्यावर ते विजेच्या तारांखाली किंवा कुंपणाच्या भिंतीलगत लावले, तर दहा-पंधरा वर्षांनी शेंडा छाटला जातो आणि झाड विद्रूप होऊन अखेर तोडले जाते. तेव्हा ज्यांच्या घरी असे रोप आहे त्यांनी ते काही वर्षे मोठ्या कुंडीत, भरपूर उजेडात आणि शेंड्याला धक्का न लावता वाढवावे, आणि ते घरात मावेनासे झाले की शाळेच्या मैदानाला, चर्चच्या आवाराला किंवा दफनभूमीला द्यावे, जेथे त्याला आपली पूर्ण उंची गाठता येईल आणि डिसेंबरात त्यावर दिवे लावणारी माणसेही भोवती असतील.